काडेपेटीचा टप

"गळतंय का?"

अभिनंदननं पत्र्यावर थाप मारून ओरडून विचारलं. ओरडावंच लागायचं, कारण चारी बाजूंनी पाईप लावून कामगार टपावर पाणी मारत होते आणि पत्र्यावरचा तो आवाज कानठळ्या बसवत होता.

आतून आत्तींचा आवाज आला, "न्हाई!"

पुन्हा पाणी. पुन्हा थाप. "गळतंय का?"

"न्हाई म्हटलं न्हवं!"

आमच्या कारखान्यात बसच्या बॉड्या बनतात. सासऱ्यांनी, म्हणजे अभिनंदनच्या अण्णांनी, कारखाना काढला तेव्हापासूनची ही रीत. नवी बॉडी फाटकाबाहेर जाण्याआधी घरच्या बाईनं अबोली रंगाची सुती साडी नेसून आत बसायचं. दारं-खिडक्या घट्ट बंद करायच्या आणि वरची टाकी रिकामी होईपर्यंत गाडीवर पाणी मारायचं. अबोली रंगावर एक थेंब पडला तरी डाग उठून दिसतो. पदर कोरडा निघाला की नारळ फुटतो. बाहेर पाटीवरही तेच रंगवलंय : 'चौगुल्यांचा टप गळत नाही.'

लग्न होऊन आले तेव्हा मला ही रीत फार आवडली होती. कोल्हापूरकडच्या या घरात सासूला आत्ती म्हणतात, हेही तेव्हाच शिकले. आणि मी परभणीची, जनावरांची डॉक्टर. ह्या घरात पत्र्याशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलणारी पहिलीच.

त्या दिवशी मात्र पाण्याखाली बसच्या बॉडीऐवजी आमची काडेपेटी होती.

दार उघडलं. आत्ती उतरल्या. अभिनंदननं आधी पदर हातात घेतला, उलटून पाहिला, वर करून सगळ्यांना दाखवला. कोरडा ठणठणीत. कामगारांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला. आत्ती थेट रांजणाकडे गेल्या आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या.

मला वाटलं, आनंदानं.

काडेपेटी हे नाव कामगारांनी चेष्टेनं ठेवलेलं. गाडी होतीच तशी. मधे पत्र्याची खोली, तिच्यात ओटा, कपाटं, दार. आणि काडेपेटीचा खण ओढावा तसा दोन्ही टोकांनी एकेक पलंग बाहेर ओढायचा. त्या पलंगांवर कॅनव्हासचा तंबू ताणून बसायचा. जीपच्या मागं जोडली की निघाली. आमची प्रेक्षा नऊ महिन्यांची होती, आणि मला माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर शेळ्यामेंढ्यांना लस टोचायचं काम मिळालं होतं. पावसाळ्याआधी सगळ्या कळपांना लस गेली पाहिजे, नाहीतर पहिल्या कोवळ्या गवताबरोबर पोट फुगून करडं पटापट मरतात. बाळ अंगावर पिणारं. त्या वाड्यांवर राहायला खोली कुठली मिळणार?

"मग घरच घेऊन जाऊ की," अभिनंदन म्हणाला होता. सहा महिने रविवारी रविवारी खपून त्यानं ती गाडी बनवली. मी टोचायला जाणार, तो प्रेक्षाला सांभाळणार, आणि जमलंच तर पुढं अशा गाड्यांची ऑर्डर घेणार.

लोकांनी काय काय म्हटलं ते सांगत नाही. मी ठरवलं की ठरवलं.

एप्रिल छान गेला. मे उजाडला तसा माणचा माळ तापायला लागला. म्हसवडच्या पलीकडं कारंडेवाडीत, शाळेमागच्या कडुनिंबाखाली आम्ही गाडी लावली होती. पण निंबाची सावली दुपारी सरकून शाळेच्या भिंतीवर जायची आणि काडेपेटी उघडी पडायची. झडपा उघडल्या की पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर धुळीचा लोट थेट बाळाच्या पांघरुणावर. बंद केल्या की भट्टी. त्यातून अभिनंदननं कॅनव्हासला आतून रेक्झिन शिवलेलं, बसच्या पडद्यासारखं. पाण्याचा थेंब नको, धुळीचा कण नको.

प्रेक्षाच्या मानेवर घामोळं उठलं. मग पाठीवर. मग एका दुपारी तिनं दूध तोंडातून सोडून दिलं आणि नुसती पडून राहिली. मी करडांच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून बघते, तशी तिची धरून पाहिली. सोडल्यावर लगेच जागेवर गेली. म्हणजे अंगातलं पाणी अजून टिकून होतं. पण रोज असं चिमटीत धरून बघायचं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

त्या संध्याकाळी फोनवर अभिनंदन त्याच्या आईला म्हणाला, "काही नाही गं, जरा मलूल आहे."

दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीनं आत्ती हजर. एका हातात डब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कापडी बोचकं.

मी वस्तीवरून टोचून आले तेव्हा त्या निंबाखाली प्रेक्षाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी मी माझा लशीचा डबा टेकवून उघडला, अजून बर्फानं भरलेला. मी झाकण लावून तो सावलीत सारला.

"लशीला बर्फ," आत्ती म्हणाल्या, "आणि पोरीला भट्टी."

मी प्रेक्षाच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"पाचच्या गाडीनं मी हिला घेऊन जाते," त्या म्हणाल्या.

"आत्ती, ती अजून अंगावर पिते."

"वाटी-चमच्यानं पाजीन. घरात पंखा हाय, फरशी हाय, गाईचं दूध हाय. तुझं काम झालं की ये. न्हाईतर तूबी चल आत्ताच."

"मी गेले तर राहिलेल्या वाड्यांचं काय? पाऊस थांबतो का माझ्यासाठी?"

"शेळ्यांचं बघणारा दुसरा डॉक्टर मिळंल गं. हिला दुसरी आई न्हाई मिळायची."

हे लागलं. त्यांनी लागावं म्हणूनच म्हटलं होतं. अभिनंदन चाकाजवळ उकिडवा बसून काहीतरी आवळत होता. आवळण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"अरे, तू बोल की काहीतरी," मी म्हणाले.

"आईचंही खरं आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "तुझंही."

"झालं. ह्यांचं ग्रामपंचायतीचं उत्तर आलं," आत्ती म्हणाल्या.

मी प्रेक्षाला घेतलं. तापलेल्या मऊ डोक्याचा तो वास. तिनं माझ्या गळ्यातली काळी पोत मुठीत धरली आणि सोडेना. तेव्हा मला अगदी स्वच्छ कळलं, की ही कुठं जाणार नाही आणि मीही नाही. कसं ते माहीत नव्हतं, पण कळलं.

"आत्ती, पाचपर्यंत वेळ द्या मला. गाडी थंड करून दाखवते. परभणीची आहे मी, ऊन मला नवं नाही."

"आन् न्हाई झाली तर?"

"तर मीच हिला तुमच्या मांडीवर ठेवीन. एसटीत बसवून देईन."

अभिनंदनचा पाना खाली पडला. आत्तींनी तोवर प्रेक्षाला माझ्याकडून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या.

शाळेच्या हापशावरून आम्ही पाणी आणायला लागलो. चादरी भिजवून तंबूवर टाकल्या. बादल्या टपावर ओतल्या. पत्रा चुर्रर्र करून वाफ सोडायचा आणि डोळ्यांदेखत कोरडा व्हायचा. मी आत डोकावून यायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता गार असेल. आणि प्रत्येक वेळी तोंडावर इडलीपात्राचं झाकण उघडल्यासारखी वाफ यायची. बाहेर पाणी, आत रेक्झिन. ओल आत जाईना, गरम हवा बाहेर येईना. घाम मात्र पुष्कळ.

तीन वाजून गेले. मी घामानं निथळत पायरीवर टेकले.

"किती गार झालं?" आत्तींनी विचारलं. टोमणा होता की चौकशी, कळलं नाही.

"अजून व्हायचंय."

त्या उठल्या. प्रेक्षाला माझ्याकडं दिलं. "बघते मी. बाजूला सर."

"आई, कशाला आत?" अभिनंदन म्हणाला. "चक्कर येईल."

"दार लाव. पाणी टाक तू वरनं, थांबू नको. माझ्या नातीला कुठं झोपवताय ते बघू दे मला."

त्या आत गेल्या. दार लागलं. अभिनंदननं बादली उचलून टपावर ओतली. मग दुसरी. पाणी पत्र्यावर धडधडलं, पन्हाळीतून माझ्या पायांपाशी पडलं, आणि त्या आवाजानं तो जणू कारखान्यातच जाऊन पोचला. हात आपोआप वर गेला. पत्र्यावर थाप मारून त्यानं विचारलं,

"आई, गळतंय का?"

आतून काहीच आलं नाही.

"आई?"

मी प्रेक्षाला घेऊन उठले.

"न्हाई गळत," आतून आवाज आला. शांत, सावकाश. मग थोडं थांबून, "आत कसं वाटतंय ते इचार की एकदा."

अभिनंदनचा हात पत्र्यावरच राहिला.

मी दार उघडलं. आत्ती पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, कपाळावरचे केस चिकटलेले. आणि मला कारखान्यातला तो तांब्या आठवला, एका दमात रिकामा झालेला.

त्यांना आम्ही निंबाच्या बुंध्याशी आणून बसवलं. पाणी दिलं. त्या थोडं थोडं प्यायल्या, मग बोलायला लागल्या. रडगाण्याचा सूर नव्हता त्यांचा, बाजारातला भाव सांगावा तसा होता.

"तू पोटात होतास," त्या अभिनंदनला म्हणाल्या. "सातवा महिना. एक लांबलचक बस होती, गोव्याकडं जायची. बसले आत. पाणी सुरू झालं. तुझ्या अण्णांनी इचारलं, गळतंय का. म्हटलं, न्हाई. मग डोळ्यांपुढं काळं आलं. दोन शिटांच्या मधे घसरले. पुन्यांदा इचारलं असंल, मला ऐकूच न्हाई आलं. गप्प हाय म्हंजे कोरडं हाय, असं समजले समदे."

"मग?"

"मग काय. दार उघडलं. आधी पदर बघितला. कोरडा व्हता." त्या हसल्या. "नारळ फुटला. तोवर मी उठून बसले. अण्णा म्हणाले, झोप लागली व्हय गं गार गाडीत?"

अभिनंदन हसला नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? बाहेरनं एकच इचारायचे. त्याचं उत्तर द्यायचे मी. गरम व्हतंय म्हटलं आन् गाडी नापास झाली तर, अशी भीती. कच्ची पोर व्हते. मग सवय झाली. इतक्या वर्षांत इतक्या गाड्या झाल्या, आत कसं वाटतं ते पत्रा ठोकणाऱ्या एकालाबी ठावं न्हाई." त्यांनी पदरानं मान पुसली. "गरम हवा वर जाऊन टपाला चिकटून बसती बघ, आभाळ आल्यावानी. तिला जायला वाटच ठेवत न्हाई तुम्ही. बसच्या दाराखिडक्या रस्त्यावर उघडतात तरी. हितं तर तू पोरीला डब्यात घालून वरनं झाकण लावलंयस."

"मग टप कापायचा?" अभिनंदननं विचारलं.

"कापायचा."

"आई, टप?"

"आन् काय, चाक कापतोस?"

तो जीपमधून छन्नी-हातोडा आणि पत्रा कापायची कात्री घेऊन आला. स्टुलावर चढला. मी खालून पाहत होते. सहा महिन्यांच्या रविवारांनी केलेला तो टप, एक सांधा दिसत नव्हता त्याला. त्यानं छन्नी टेकवली, हातोडा उचलला, आणि तसाच राहिला.

"पाऊस आला तर?"

"तर झाकण लाव. चौगुल्याला एक झाकण करता येत न्हाई व्हय?"

"अण्णा असते तर..."

"अण्णांचं मी बघते," आत्ती म्हणाल्या. "तू मार."

पहिला घाव बसला तेव्हा त्यानं डोळे मिटले होते. माझ्या कडेवर प्रेक्षा दचकली, मग वर बघून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

मधोमध चौकोनी तुकडा निघाला. आत उभी राहून मी त्या भोकाशी हात धरला तर बंबाच्या तोंडाशी धरल्यासारखी हवा हात भाजत वर निघाली. मग मी रेक्झिनला हात घातला. कात्रीनं टाके उसवत दोन्ही तंबूंचं अस्तर फराफरा ओढून काढलं. अभिनंदन फक्त एकदा "हळू" म्हणाला. दोन्ही टोकांच्या झडपा उघडल्या. माळावरचा वारा एका टोकानं शिरला, दुसऱ्या टोकानं आणि टपातून बाहेर पडला. हवा खेळायला लागली. पण गरम होती आणि धुळीनं भरलेली.

आता मला माझं शहाणपण आठवलं. आमच्याकडं परभणीला उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारतात. हवा त्यातून गाळून, गार होऊन येते. चादरी टपावर टाकून मी पाणी फुकट घालवत होते. कापड वाऱ्याच्या तोंडाला हवं होतं. पण त्या जाड चादरींतून वारा जाईना. एक लावून पाहिली तर खिडकी नुसती बंद झाली.

"आत्ती, जुनी सुती साडी आहे का? विरळ झालेली?"

निंबाखालचं बोचकं त्यांनी जवळ ओढलं, गाठ सोडली. आत एकच वस्तू होती. घडी केलेली अबोली साडी.

"हिला गुंडाळून न्यायला आणली व्हती," त्या म्हणाल्या. "धुवून धुवून लई मऊ झालीय. एसटीत टोचली नसती पोरीला."

मी हात पुढं केला नाही. मला जमलं नाही ते.

त्यांनीच ती उलगडली. हापशाखालच्या बादलीपाशी गेल्या आणि इतकी वर्षं टपाखाली एकही थेंब पडू नये म्हणून जपलेली ती साडी दोन्ही हातांनी पाण्यात दाबली. अबोली रंग बघता बघता विटकरी झाला. त्यांनी ती पिळलीसुद्धा नाही. निथळत आणली आणि अभिनंदनला म्हणाल्या, "बांध. दुहेरी नको, एकेरी. वारा यायला पायजे."

पश्चिमेच्या खिडकीवर साडी चढली. वाऱ्यानं फुगली, आत आली, मागं गेली, पुन्हा फुगली.

मी आत जाऊन पलंगावर बसले. आधी काही जाणवलं नाही. मग दंडावर, मग मानेवर. हिवाळा नव्हे, महाबळेश्वर नव्हे, पण ओल्या मातीच्या माठाजवळ बसल्यासारखं. प्रेक्षाला जवळ घेतलं. तिनं नाक घासलं, तोंड शोधलं, आणि प्यायला लागली. गटागट. एक हात पोतीवर, पाय माझ्या पोटावर. पीत पीतच तिचे डोळे मिटले.

दारात आत्ती उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. फक्त हात आत घालून हवा पाहिली, अंघोळीचं पाणी बघावं तशी.

"आत कसं वाटतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसून बघा ना."

"मी लई बसले. तू सांग."

"चांगलं वाटतंय, आत्ती."

तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. पाचची गाडी. शाळेपुढं धुरळा उठवत येऊन थांबली. कंडक्टरला सकाळीच आत्तींनी सांगून ठेवलं असावं, तो दारातून ओरडला, "मावशी! चला लवकर! बाळ येतंय न्हवं?"

आत्तींनी एकदा बाळाकडं पाहिलं, एकदा खिडकीकडं. मग पदर खोचून चार पावलं पुढं गेल्या.

"जावा तुम्ही," त्यांनी ओरडून सांगितलं. "माझी साडी ओली हाय!"

"मग वाळवा की! थांबतो दोन मिंटं!"

"वाळू द्यायची न्हाई म्हणून तर राहतेय! जा!"

कंडक्टरला काय कळलं कुणास ठाऊक. त्यानं डबल बेल दिली. आत्ती वळल्या, बादली उचलली आणि ओंजळीनं साडीवर पाणी मारायला लागल्या.

पाऊस पडेपर्यंत त्या आमच्याजवळच राहिल्या. शेवटच्या वाडीवरची शेवटची शेळी मी टोचली तेव्हा दोर धरून त्याच उभ्या होत्या. अभिनंदननं टपाला वर उचलणारं, चारी बाजूंनी वळचण असलेलं झाकण केलं. तेही गळत नाही.

आता प्रेक्षा आठ वर्षांची आहे, तिच्या पाठचा मांडीवर झोपलाय. तो उठायच्या आत हे लिहून संपवायचंय. कारखान्याच्या प्रत्येक गाडीच्या टपाला हल्ली झाकण असतं, आणि पाणी मारायच्या दिवशी आत बसायचा मान प्रेक्षानं आजीकडून हट्टानं घेतलाय. आजीला तिला एकटीला सोडवत नाही. त्याही शेजारी बसतात, पदर सोडून, आरामात. पाणी पत्र्यावर धडधडतं. अभिनंदन थाप मारतो.

"गळतंय का?"

"नाही!"

मग तो हात वर करतो, पाईप बंद होतात. सगळे कामगार पत्र्याजवळ येतात. तो दुसरा प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर नेहमी लांबलचक असतं. मधे आजी-नातीचं भांडणही होतं. पण ते संपल्याशिवाय नारळ फुटत नाही.